नाही सांगायचा फोन

आमच्या संस्थेत मुलाखतीला आलेला माणूस आधी शमीमआपांच्या वहीत जायचा आणि मगच संस्था चालवणाऱ्या सरांच्या खोलीत. सर त्याला पदवी विचारायचे, अनुभव विचारायचे, समाजकार्याची आवड कधीपासून हेही विचारायचे. आपा दोनच गोष्टी विचारायच्या: गाव कोणतं आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता.

त्या दोन उत्तरांवर मुलाखतींचा क्रम ठरायचा. कोण आधी आलं, कोणाच्या नावाचं पहिलं अक्षर काय, कोणाची ओळख कुठवर पोचलीय, यातलं काही आपांना चालत नसे. ज्याची शेवटची गाडी लवकर, तो आधी आत. शहरातल्या उमेदवारांचा नंबर सगळ्यांत शेवटी. ते कुरकुरत, घड्याळ बघत, आणि आपा त्यांना दुसरा चहा पाठवत. वहीत नाव, गाव, गाडी, फोन नंबर असे रकाने होते आणि अगदी कडेला एक अरुंद रकाना होता. त्याला मथळा नव्हता. तो निकालानंतरच्या फोनचा. फोन झाला की तिथं बरोबरची खूण पडायची.

आमची संस्था मुलींच्या शिक्षणाचं काम करते. टाऊन हॉलजवळ एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. आपा पूर्वी संस्थेच्याच एका वस्तीतल्या बालवाडीवर शिकवायच्या. बालवाडीचा प्रकल्प संपला तेव्हा सरांनी त्यांना पंधरा दिवसांसाठी म्हणून ऑफिसात आणलं, ते पंधरा दिवस वीस-बावीस वर्षं चालले. शिक्षण दहावी. हुद्दा कागदावर कार्यालय सहायक. प्रत्यक्षात किल्ल्या, टपाल, हजेरी, पाहुणे आणि सरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या हे सगळं त्यांच्याकडं. सकाळी बुढीलेनमधून चालत यायच्या, बुरखा खुंटीला अडकवायच्या, ओढणी डोक्यावर घ्यायच्या, आणि दोरीला बांधलेला चष्मा नाकावर चढवला की ऑफिस सुरू झालं असं आम्ही समजायचो.

मी पिशोरची. बी. ए. झाल्यावर गावाबाहेर पहिल्यांदा एकटी निघाले ती या मुलाखतीला. गाडी वाटेत बंद पडली आणि मी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. बाकावर आठ-दहा माणसं. आपांनी नाव लिहिलं, गाडी विचारली, माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि टेबलाच्या खणातून लिमलेटची गोळी काढून हातावर ठेवली.

“घशाला कोरड पडली ना? चघळ. पाच मिनिटांत आत जायचंय तुला.”

बाकावरचे एक गृहस्थ ताडकन उठले. जालन्याहून आले होते, टाय लावून.

“ओ बाई, नऊ वाजल्यापासून बसलोय मी. आम्ही काय इथं भजनाला आलोय व्हय?”

“बरोबर आहे तुमचं,” आपा म्हणाल्या. “पण जालन्याला रात्रीपर्यंत गाड्या आहेत. हिची साडेचारला सुटते. ती चुकली तर ही पोरगी आज कुठं झोपंल ते तुम्ही सांगा, तुम्हाला आधी सोडते.”

गृहस्थांनी थोडा विचार केला. “जाऊ द्या तिला,” म्हणाले आणि टाय सैल करून खाली बसले.

मी उठले. दार उघडताना आपा हळूच म्हणाल्या, “घबराने का क्या है उसमें? अंदर भी लोगांच बैठे.”

आत मी काय बोलले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी प्रत्येक प्रश्नाला होय म्हणाले. माझी गाडी चुकली नाही, नोकरी मात्र चुकली.

ते कसं कळलं ते सांगते. चौथ्या दिवशी मी रानात कापूस वेचत होते आणि फोन वाजला.

“वंदना बेटा, मी शमीम बोलते, संस्थेतून. बसलीस का उभी आहेस?”

“उभी आहे.”

“मग बस आधी.”

मी बांधावर बसले.

“तुझी निवड नाही झाली. आता कारण सांगते, ते ऐक. वस्तीवर मुक्काम करशील का, होय म्हणालीस. इंग्रजीत अहवाल लिहिशील का, होय. मोटरसायकल येते का, तेही होय. येते का गं तुला?”

“नाही.”

“मग? आत बसलेल्यांना काय कळत नाय व्हय? गाडी शीक आणि पुन्हा ये. येत नाही ते येत नाही म्हण.”

मी रडायला लागले. त्या फोनवर गप्प बसून राहिल्या. माझं रडणं संपलं, नाक पुसून झालं, “ठेवते” असं मी म्हणाले, तेव्हा कुठं त्यांनी फोन ठेवला. नऊ महिन्यांनी मी भावाच्या स्कूटीवर चार वेळा पडून, गुडघे फोडून पुन्हा आले आणि लागले. त्या आधी मी तीन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. त्यांतल्या एकानंही नाही म्हणून कळवलं नव्हतं. महिना महिना फोन हातात घेऊन बसायचं, आणि मग आपलंच आपण समजून घ्यायचं.

आत आल्यावर कळलं की असा फोन आपा प्रत्येकाला करतात. त्यांना हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं. उलट सर वैतागायचे. “आपा, चाळीस जणांना फोन? त्यात तुमचे दोन दिवस जातात. एक मेल टाका सगळ्यांना.”

“सर, तो माणूस दोन गाड्या बदलून तोंड दाखवायला आला होता,” आपा म्हणायच्या. “आपणही तोंडानंच सांगावं ना.”

सर हात जोडायचे आणि आपा फोन उचलायच्या.

सगळे माझ्यासारखे रडायचे नाहीत. बिडकीनच्या एका पोरानं तर आपांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वशिल्यानं भरलीय जागा, मला माहीत आहे, असं तो एवढ्या मोठ्यानं ओरडत होता की पलीकडच्या टेबलावर मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. आपा डाव्या हातानं फायलींच्या नाड्या ओवत होत्या.

“झालं?” त्यांनी शेवटी विचारलं. “मग पाणी पिऊन घे. मी थांबते.”

तो खरंच पाणी प्यायला गेला असावा. मग आपांनी त्याला त्याचं कारण सांगितलं: मुलींच्या पालकांशी कसं बोलशील असं विचारल्यावर त्यानं पालकांनाच अडाणी म्हटलं होतं. पुढच्या हंगामात तो सीताफळांची टोपली घेऊन आपांना भेटायला आला. नोकरी त्याला दुसरीकडं लागली होती.

एकदा मला त्यांनी शेजारी बसवून एक फोन करायला लावला. मी, “सांगायला खेद वाटतो,” अशी सुरुवात केली तर त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

“खेद तुला वाटतो का त्याला? नाव घे, नाही म्हण, खरं कारण सांग. कारण नाही सांगितलं तर माणूस आपल्या मनानं काढतो आणि चुकीचं काढतो. आणि एक ध्यानात ठेव, त्याच्या आधी फोन ठेवायचा नाही.”

आपा संत वगैरे नव्हत्या, हेही सांगितलं पाहिजे. रुसल्या की दोन-दोन दिवस कोणाशी बोलायच्या नाहीत. अत्तर लावून आलेल्या उमेदवारावर त्यांचा उगीच राग असायचा. मुलाखत लांबली की दार ढकलून डोकं आत घालायच्या, “सर, पैठणची गाडी!” म्हणून ओरडायच्या आणि आतल्या माणसाचं उत्तर घशात अडकायचं. संगणकाशी तर उभा दावा. प्रिंटरला त्या मुर्दाड म्हणायच्या. यादी टाईप करून दिली तरी ती वहीत पुन्हा हातानं उतरवून घ्यायच्या. मी कितीदा म्हटलं, आपा, शिकवते तुम्हाला, सोपं आहे. “नक्को गे माँ,” म्हणून त्या हात झटकायच्या.

पण मुलाखतीच्या दिवशी त्यांच्या डब्यात खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा असायचा आणि डबा चार माणसांचा असायचा. सकाळी सहाला घर सोडून आलेला कोण, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. शेंद्र्याचा एक मुलगा कंपनीतली रात्रपाळी करून थेट मुलाखतीला आला होता. खिचडी पोटात गेल्यावर तो बाकावरच झोपला. आपांनी त्याचा नंबर आल्यावर सरांना जाऊन सांगितलं, “तो आलाय, पण झोपलाय. त्याला सगळ्यांत शेवटी घ्या.” सर म्हणाले, “झोपणारा माणूस मला नको.” आपा म्हणाल्या, “रात्रभर जागून पुन्हा आपल्याकडं आलाय तो, झोपणारा कसा?” त्याला साडेपाचला उठवून, तोंड धुवायला लावून आत पाठवलं. आज आमचं वाळूजकडचं सगळं काम तोच बघतो.

नंतर आमच्या कामाला पैसा देणारे बदलले. नव्या लोकांचं म्हणणं, सगळी पदं नव्यानं भरा, जुन्यांनीही अर्ज करावेत, निवड गुणांच्या तक्त्यावर व्हावी. सरांचं वय झालं होतं, भांडायचा जोर राहिला नव्हता. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की नुसता उपचार आहे, कोणी मनावर घेऊ नका.

आपांनी मनावर घेतलं. शहागंजातलं त्यांच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान नावापुरतं उरलं होतं आणि घर त्यांच्या पगारावर चालत होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी दहावीचं प्रमाणपत्र शोधून काढलं, अर्ज सुंदर अक्षरात हातानं लिहिला आणि मला दाखवला. “बघ गं, काही राहिलं का.” काही राहिलं नव्हतं. मी तोवर प्रकल्प व्यवस्थापक झाले होते आणि निवड समितीत माझं नाव होतं. सर, पैसा देणाऱ्यांकडून पुण्याहून आलेल्या एक बाई, आणि मी.

त्या दिवशीही बाकावर माणसं होती, आणि त्यांच्या गाड्या विचारायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणून आपांनीच वही उघडली. सगळ्यांची नावं लिहिली, क्रम लावला, लिमलेटच्या गोळ्या वाटल्या, एकेकाला आत सोडलं. सगळे संपल्यावर चष्मा पुसून स्वतः आत आल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या.

पुण्याच्या बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यासमोर तक्ता होता आणि त्या तक्त्याप्रमाणे विचारत होत्या. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता, असं त्यांनी विचारलं.

“इथंच,” आपा म्हणाल्या. “थोडी म्हातारी झालेली.”

सर हसले. बाईंनी काहीतरी लिहिलं. मग संगणकाचं विचारलं. आपांनी येत नाही ते येत नाही म्हणून सांगितलं. पुढचा प्रश्न माझ्या वाट्याचा होता. तक्त्यात होता तसाच मी वाचला. “तुमच्यातली एक उणीव सांगा.”

आपांनी माझ्याकडं बघितलं. “मला फोन लवकर ठेवता येत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला माहीतच आहे, मॅडम.”

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा मॅडम म्हटलं. त्यात टोमणा नव्हता. समितीत बसलेल्या माणसाला मॅडम म्हणायचं असतं म्हणून म्हटलं, आणि तेच मला जास्त लागलं.

त्या बाहेर गेल्यावर गुणांची बेरीज झाली. शिक्षणात कमी, संगणकात जवळजवळ काही नाही, इंग्रजीत तेच. पुण्याच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “तक्त्याच्या खाली शेऱ्याची जागा आहे. तिघांपैकी कोणीही लेखी कारण दिलं तर मी हा अर्ज वेगळा विचारात घेऊ शकते. तुम्ही यांना ओळखता, मी नाही.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी तक्त्याकडं बघितलं. चार ओळींची ती जागा होती. पिशोरची गाडी, बिडकीनचा पोरगा, शेंद्र्याचा पोरगा, मी स्वतः, एवढं सगळं लिहायला होतं. पण दुसऱ्या दिवशी माझ्या पदाची मुलाखत होती आणि घेणाऱ्या याच बाई होत्या. जुन्या ओळखीला धरून चालणारी बाई असं माझ्याबद्दल त्यांचं मत झालं तर, असा विचार माझ्या मनात आला. एवढाच विचार आला, आणि मी सही करून कागद पुढं सरकवला. सरांनीही केली. त्यांचं काय कारण होतं ते मी कधी विचारलं नाही, कारण मग त्यांनी माझं विचारलं असतं.

“आपांना तू सांग,” सर निघताना म्हणाले. “तुझ्याकडून त्यांना बरं वाटेल.”

सांगते म्हटलं. त्या दिवशी उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी माझी मुलाखत होती. तिसऱ्या दिवशी आपा माझ्यासमोरच बसल्या होत्या, टपाल लावत होत्या, आणि समोर बसलेल्या माणसाला काय फोन करायचा, असं मी स्वतःला समजावलं. माझी निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा त्यांनीच पेढे आणले. आठवड्यानंतर एक मेल सगळ्या नापसंत उमेदवारांना एकदम गेला. इंग्रजीत, तीन ओळींचा. त्यांतला एक आपांचा होता. तो त्यांना कोणी वाचून दाखवला मला माहीत नाही. मला विचारलं नाही, एवढं खरं.

महिनाअखेरीला त्यांचा शेवटचा दिवस होता. मी त्या दिवशी बिडकीनला भेटी ठेवल्या. काम होतं का? होतं, पण कधीही करता आलं असतं. संध्याकाळी आले तेव्हा खुंटी रिकामी होती आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर होता, प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधलेला.

पुढच्या भरतीच्या वेळी नंबर शोधायला म्हणून मी त्यांचा खण उघडला. वही तिथंच होती. शेवटचं पान त्या मुलाखतींच्या दिवसाचं. नाव, गाव, गाडी, नंबर. सगळ्यांत खाली त्यांनी स्वतःला लिहिलं होतं: शमीम, बुढीलेन, पायी. सगळ्यांत जवळची म्हणून सगळ्यांत शेवटी. आणि कडेच्या रकान्यात वरच्या सगळ्या नावांपुढं बरोबरच्या खुणा होत्या. म्हणजे मेल गेल्यावर, स्वतःची नोकरी गेल्याचं कळल्यावर, त्या उरलेल्या दिवसांत आपांनी त्यांच्याबरोबरच्या प्रत्येक नापास माणसाला फोन केला होता. आत त्याचं काय झालं हे त्यांनी सरांकडून काढून घेतलं असणार; कारण सांगितल्याशिवाय त्या फोन करत नसत. फक्त शेवटच्या ओळीपुढचा चौकोन कोरा होता. तो फोन त्यांनी करायचा नव्हताच. मी ती वही छातीशी धरून तिथंच खाली बसले आणि मला माझी लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

तरीही मी फोन केला नाही. आता एवढ्या उशिरा काय, असं म्हणत आणखी दीड वर्ष गेलं. नवरा गेल्यावर त्या मुलीकडं कन्नडला राहायला गेल्याचं कानावर आलं.

गेल्या हिवाळ्यात मी मध्यवर्ती बसस्थानकावर पिशोरच्या गाडीची वाट बघत होते. समोर कन्नडची गाडी लागलेली. तिसऱ्या खिडकीत आपा. ओढणी तीच, दोरीचा चष्मा गळ्यात. शेजारी बसलेल्या मुलीला काहीतरी विचारत होत्या. गाव आणि गाडीच विचारत असणार. दहा पावलांवर होत्या. जावं, खिडकीशी उभं राहावं, असं वाटलं, पण तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. मी खांबाच्या आड झाले आणि फोन लावला.

त्यांनी पिशवीत शोधून फोन काढला, हात लांब करून नाव वाचलं. थोडा वेळ नुसताच बघितला. मग कानाला लावला.

“बोल वंदना.”

“आपा,” मी म्हणाले, “बसलात का उभ्या आहात?”

खिडकीतला चेहरा माझ्या बाजूला नव्हता, समोर बघत होता.

“बसलेय,” त्या म्हणाल्या. “सांग.”

“तुमची निवड नाही झाली.”

“हौ. कारण?”

“तक्त्याखाली शेऱ्याची जागा होती. मी दोन ओळी लिहिल्या असत्या तर तुमचा वेगळा विचार झाला असता. माझी मुलाखत दुसऱ्या दिवशी होती, आपा. मी भ्याले. काहीच लिहिलं नाही.”

ड्रायव्हर चढला. गाडी सुरू झाली, काचा थरथरायला लागल्या. मला वाटलं, आवाजात त्यांना ऐकूच गेलं नाही.

“म्हणजे संगणक नव्हता ते,” आपा हळू आवाजात म्हणाल्या. “मला वाटलं संगणकामुळं. क्लास लावला होता गं मी. सहा महिने. लहान लहान पोरांत बसून. येतो आता मला.”

गाडी मागं झाली, वळली, फाटकाकडं निघाली. त्या खिडकीत फोन कानाला लावून तशाच बसल्या होत्या आणि मी इथंच उभी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. गाडी दिसेनाशी झाली तरी फोन चालू होता. इंजिनचा आवाज येत होता, कोणाचं तरी पोर रडत होतं. मग कंडक्टरनं विचारलेलं ऐकू आलं, कुठं जायचं.

“कन्नड,” आपा म्हणाल्या. “एक.”

मी फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनीच ठेवला.